ठीकठाक कादंबऱ्यांविषयी प्रामाणिक मत द्यावे का?

मांडवीकाठ

मी समीक्षक नाही. पणजीत नोकरी, मडगावात घर आणि मधल्या बसप्रवासात हाती येईल ते वाचणे, एवढीच माझी वाचक म्हणून पात्रता आहे. वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांपैकी काही मनात घर करतात आणि काही दोन दिवसांत परत जातात. पण सर्वांत मोठा गठ्ठा असतो तो ना धड चांगल्या, ना धड वाईट अशा कादंबऱ्यांचा, आणि त्यांच्याविषयी कोणीच खरे बोलत नाही, अशी माझी तक्रार आहे.

गोव्यात तर हे बोलणे अधिकच अवघड होते, कारण राज्य लहान आणि साहित्यिकांचे वर्तुळ त्याहून लहान. ज्याच्या कादंबरीला आपण रटाळ म्हणणार, तो लेखक चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान घेताना बाजारात नेमका आपल्यासमोर उभा राहतो. त्यामुळे प्रकाशन सोहळ्यात व्यासपीठावरून 'आश्वासक' आणि 'मातीचा गंध असलेली' अशी विशेषणे वाटली जातात, आणि खरे मत नंतर चहाच्या टेबलापाशी, आवाज खाली आणून सांगितले जाते.

एक उदाहरण देतो. पुस्तकाचे वा लेखकाचे नाव देत नाही आणि इतरांनीही देऊ नये अशी विनंती आहे. बार्देशातील एका घराची ही कथा आहे. आरंभी एक सासू आहे. पाडेली माडावर चढला की ती खाली उभी राहून पडणारे नारळ मोजते, दर दहा नारळांमागे एक खडा ओच्यात टाकते आणि पाडेल्याचा हिशेब व तिचा हिशेब जुळला नाही तर एक शब्दही न बोलता ओचा उघडून खडे दाखवते. ही सत्तर-ऐंशी पाने मी बसमध्ये उभ्याने वाचली. त्यानंतर मुंबईहून मुलगा येतो, व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसतो आणि मुळे, माती व तुटलेपण या विषयांवर पुढची दीडशे पाने विचार करतो. सासू स्वयंपाकघरात जाते ती जातेच.

माझा प्रश्न असा आहे की अशी कादंबरी शेवटपर्यंत वाचावी का, आणि कोणी विचारले तर 'बरी आहे' म्हणून सुटावे की जे वाटले ते सांगावे? माझे मत सांगण्याच्या बाजूचे आहे, पण आपली मते ऐकायला आवडेल.

झुआरीपार

झुआरीचा जुना पूल होता तेव्हा कुठ्ठाळीच्या वाहतूक कोंडीत मी दीडशे पाने विचार करणारे नायकसुद्धा सहन केले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नवा पूल खुला झाला आणि माझी सहनशक्ती एकदम घटली. ठीकठाक कादंबऱ्यांचे खरे नुकसान सार्वजनिक बांधकामाने केले आहे, असे माझे नम्र मत आहे.

निवृत्त_गुरुजी

मांडवीकाठ यांनी वर्णन केलेला प्रकार मला परिचयाचा वाटतो आणि त्याचे कारण लेखकाच्या प्रतिभेपेक्षा छपाईच्या व्यवहारात शोधावे, असे मी सुचवेन.

मराठी कादंबरी फार लवकर नियतकालिकांच्या आश्रयाला गेली. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत राहिल्या. आठवड्याला एक प्रकरण द्यायचे म्हटले की लांबण येणारच, पण तिथे वाचकाला पुढच्या अंकाकडे ओढून नेण्याची सक्तीसुद्धा असे. प्रकरणाच्या शेवटी काहीतरी घडावेच लागे. पुढे काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि कालांतराने दिवाळी अंकातील 'संपूर्ण कादंबरी' हा एक स्वतंत्र प्रकार रूढ झाला. अंकाच्या साठ-सत्तर पानांत बसलेली ही मुळात दीर्घकथा असते. ती पुस्तकरूपाने काढायची तर कणा दिसेल एवढी जाडी हवी, किंमत लावता येईल एवढी पाने हवीत. मग लेखकाला सांगितले जाते की थोडी वाढवा. घटना वाढवणे कष्टाचे असते आणि नायकाचे चिंतन वाढवणे सोपे असते, म्हणून चिंतन वाढते.

आपल्या त्या सासूची सत्तर-ऐंशी पाने मूळ दिवाळी अंकातली असावीत, अशी मला दाट शंका आहे. जिथे कथा खुर्चीत बसली तिथे पुस्तकाचा व्यवहार सुरू झाला असेल. दुसरे असे की हस्तलिखित वाचून 'इथून पुढे काढून टाका' असे सांगणारा संपादक मराठीत दुर्मिळ आहे. मुद्रितशोधक असतो, तो ऱ्हस्व-दीर्घ पाहतो. नायक चाळीस पाने जागचा हललेला नाही हे पाहणे त्याच्या कामात येत नाही.

अबोली_म्हापसे

गुरुजींचे म्हणणे पटले, तरी मला दुसऱ्या बाजूने बोलायचे आहे. तुम्ही सगळे ठीकठाक कादंबरीला एखाद्या आजारासारखे तपासत आहात. मला तीच वाचायला आवडते. दुपारी घरातील कामे आवरल्यावर जो तास मिळतो, त्यात मला थोर कादंबरी नको असते. थोर कादंबरी वाचली की संध्याकाळचा स्वयंपाक बिघडतो आणि घरातील माणसांशी मी नीट बोलत नाही, असे माझी मुलगी सांगते. ठीकठाक कादंबरीत माणसे हळदीकुंकवाला जातात, वाटणीवरून भांडतात, लग्न ठरते, मोडते, पुन्हा ठरते. मी कुठेही थांबू शकते आणि कुठूनही सुरू करू शकते.

आणि खुर्चीत बसून विचार करणाऱ्या मुलाची पाने मी सरळ उलटते. पाने उलटण्याचा अधिकार वाचकाला आहे, त्यासाठी लेखकाला बोल लावण्याची गरज नाही.

फोंड्याचा_वकील

अबोलीताई, तुम्ही पाने उलटता तिथेच आमच्यासारख्यांचे रक्त उसळते, कारण वाटणीची प्रकरणे नेमकी त्याच पानांत असतात.

गोव्यात घडणाऱ्या मराठी कादंबऱ्यांत, विशेषतः ज्यांचे लेखक राज्याबाहेरचे आहेत त्यांत, एक प्रसंग हमखास येतो. म्हातारा बाप संतापाने मृत्युपत्र करतो, सगळी मालमत्ता देवस्थानाला किंवा धाकट्याला देतो आणि थोरला मुलगा बॅग उचलून पावसात चालू लागतो. पुढची शंभर पाने या अन्यायावर उभी असतात. आता वस्तुस्थिती अशी आहे की १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे वारसाचा कायदा वेगळा आहे आणि २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्यानेही तीच चौकट पुढे चालवली. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता समाईक असते आणि निम्मी पत्नीची. उरलेल्या निम्म्यातही निम्मा भाग मुलांसाठी राखीव असतो. कायद्यात सांगितलेल्या मोजक्या कारणांखेरीज तो काढून घेता येत नाही. म्हणजे हा संतापलेला म्हातारा फार तर एकंदर मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याचे मृत्युपत्र करू शकतो. थोरल्याने पावसात चालत जाण्याऐवजी आमच्या कचेरीत यायला हवे होते.

पण माझी तक्रार चुकीपुरती नाही. खऱ्या कायद्यात जे नाट्य आहे ते या लेखकांना सुचलेच नसते, एवढे चांगले आहे. इथे वडिलोपार्जित घर विकायचे तर भावंडांच्या सह्या लागतातच, शिवाय त्यांच्या पती-पत्नींच्याही लागतात. पोर्तुगालला स्थायिक झालेल्या भावाची बायको, जिने ते घर कधी पाहिलेले नाही, तिची सही लागते. वीस वर्षे अबोला धरलेल्या जावयाची सही लागते. एका जावयाच्या सहीसाठी सगळे कुटुंब त्याच्या दारात जाऊन बसलेले मी पाहिले आहे. त्याने आधी सर्वांना सोलकढी पाजली, नंतर पेनाची शाई कोणत्या रंगाची हवी ते विचारले आणि मग म्हणाला की चष्मा सापडत नाही. हा प्रसंग मला आजवर एकाही कादंबरीत भेटलेला नाही. लेखकाने एक प्रश्न जास्त विचारला असता तर ठीकठाक कादंबरीची चांगली कादंबरी झाली असती.

पेडणेकर_नातू

वकीलसाहेब, तो चष्मा शेवटी सापडला का?

फोंड्याचा_वकील

किंमत वाढवून मिळाल्यावर सापडला. खिशातच होता.

सांगेकर

वकीलसाहेबांचा मुद्दा आमच्या भागालाही लागू पडतो. खाणींवर लिहिलेली एक कादंबरी मी मोठ्या आशेने आणली, कारण आमच्या घरचा ट्रक खाणीवर चालत असे. त्यात ऐन ऑगस्टमध्ये खनिजाचे ट्रक रांगेने धावत आहेत आणि लाल धुळीने झाडे माखली आहेत, असे तीन पानी वर्णन होते. पावसाळ्यात खाणीच्या खड्ड्यात पाणी भरते, पंप लावून ते उपसावे लागते, उत्खनन आणि वाहतूक जवळजवळ थांबते. धूळ तर नसतेच, लाल चिखल असतो. आग्वादपाशी मांडवीच्या मुखावर वाळूचा दांडा येतो, म्हणून त्या दिवसांत बार्ज त्या वाटेने मुरगावला जात नाहीत. जायचेच झाले तर कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून जावे लागते. हे सगळे धक्क्यावर तासभर उभे राहिले तरी कोणीही सांगितले असते.

तरीही मी ती कादंबरी निम्म्याहून पुढे वाचली, कारण २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तिथपर्यंत ती आली होती आणि आता आपल्या घरातले काहीतरी येणार असे मला वाटत होते. आले काय, तर गावातील लोक वडाखाली जमले आणि एका शिक्षकाने पर्यावरण व विकास यांवर भाषण केले. ट्रकवाल्यांनी पुढे काय केले याविषयी एक ओळ नाही. आमच्याकडे ट्रकची बॅटरी काढून पडवीत आणून ठेवली होती आणि बँकेचा माणूस हप्त्यासाठी आला की आई तिच्यावर चादर टाकायची, जणू ती दिसली नाही तर कर्जही दिसणार नाही. २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा खाणी थांबल्या तेव्हा ट्रक विकून झालेला होता. मला त्या लेखकाला एवढेच विचारायचे होते की शिक्षकाऐवजी एखाद्या ट्रकवाल्याच्या घरात तुम्ही का गेला नाहीत?

अबोली_म्हापसे

सांगेकर, चादरीचे वाचून मी थोडा वेळ थांबले. पण मला हे विचारायचे आहे की ऑगस्टमधली धूळ दुरुस्त केली असती तर ती कादंबरी चांगली झाली असती का? मला तसे वाटत नाही. माहिती बिनचूक असलेल्या, प्रत्येक तारीख तपासलेल्या आणि तरीही निर्जीव अशा कितीतरी कादंबऱ्या आहेत. चुका शोधणे सोपे असते म्हणून आपण त्या शोधतो. सासूचे खडे खरे असतील की नसतील, कोणाला ठाऊक? ते मांडवीकाठ यांच्या लक्षात राहिले, एवढे पुरे.

निवृत्त_गुरुजी

अबोलीताईंचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गोवा मुक्तिलढ्यावरच्या कादंबऱ्या. त्यांत तारखा चुकत नाहीत. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांची सभा, १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह, १९ डिसेंबर १९६१, सगळे जिथल्या तिथे असते. दोष निराळाच आहे: त्यांतील पात्रांना आपण इतिहासात वावरत आहोत हे आधीपासून ठाऊक असते. सभेच्या आदल्या रात्री नवरा बायकोला सांगतो की उद्याचा दिवस गोमंतकाच्या इतिहासात अजरामर होणार आहे. ज्याला उद्या लाठी खायची आहे तो माणूस रात्री असे बोलत नाही. तो दुधाचे पैसे कोणाला द्यायचे ते सांगतो आणि गाईला चारा घातला का ते विचारतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावात सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही मुले त्या दिवसांविषयी विचारत असू, तेव्हा ते रेजिदोराच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातील गावच्या अधिकाऱ्याच्या, कुत्र्याविषयीच बोलत. ते कुत्रे त्यांना ओळखत होते, म्हणून पकडायला आलेल्या पोलिसांसमोर त्यांच्याकडे पाहून शेपटी हलवू लागले आणि त्यामुळे लपलेली जागा उघड झाली, याचा राग त्यांना शेवटपर्यंत होता. पोर्तुगीजांविषयी ते फारसे बोलले नाहीत.

अर्थात तारखांचे श्रेय द्यायचे तर तेही जपून द्यावे लागेल. १९४० सालातल्या एका दुकानात गिऱ्हाईक एस्कुदो मोजून देत असल्याचे मी वाचले आहे. आपल्याकडे तोवर रुपया आणि तांगा चालत असे. एस्कुदो आला तो १९५८ नंतर, राजवटीच्या अगदी शेवटी.

काणकोणची_माई

मला एका वेगळ्या गोष्टीचा राग येतो. गोव्यात घडणाऱ्या मराठी कादंबरीत भाटकार (जमीनमालक) शुद्ध मराठी बोलतो आणि त्याचा मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा), मासे विकणारी बाई व बसचा कंडक्टर कोकणीत बोलतात. जणू आमच्या घरी वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक कोकणी बोलतच नाहीत! माझे वडील नियमाने मराठी वर्तमानपत्र वाचत, देवळात मराठी भजने म्हणत, पत्रे मराठीत लिहीत आणि आम्हाला रागावत ते कोकणीत. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही भाषा कशा येतात, कोणत्या क्षणी तो एकीतून दुसरीत जातो, हे ज्याने कान देऊन ऐकले नाही त्याने गोव्यातील घर लिहिण्याचे धाडस करू नये. भाषावादाविषयी मी बोलत नाही, तो इथे नकोच. मी संवादलेखनाविषयी बोलत आहे.

झुआरीपार

माईंना पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर घालतो. पुणे-मुंबईच्या कादंबरीतील नायक गोव्यात आला की त्याला पहिल्या दहा पानांत एक म्हातारा ख्रिस्ती गृहस्थ भेटलाच पाहिजे, जो संध्याकाळी बाल्कावांवर, म्हणजे दारापुढच्या बैठकीवर, बसून व्हायोलिन वाजवतो आणि न विचारता आयुष्याचा अर्थ सांगतो. आमच्या वाड्यावर असे वृद्ध गृहस्थ आहेत, पण ते विजेच्या बिलाविषयी बोलतात आणि समोर गाडी लावली तर ओरडतात.

एक_लेखक

हे सर्व मी सकाळपासून वाचत आहे. माझ्या नावावर एक कादंबरी आहे आणि ती आपण ज्याला ठीकठाक म्हणता त्याच जातीची आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने काही सांगण्याचा मला अधिकार असावा.

आपल्यापैकी कोणी मराठी कादंबरीच्या व्यवहाराचा हिशेब मांडून पाहिला आहे का? आवृत्ती साधारण हजार प्रतींची धरली जाते आणि आता बरेचदा त्याहूनही कमी. अडीचशे पानांच्या पुस्तकाची किंमत तीनशे-चारशे रुपयांच्या घरात जाते. नव्या लेखकाला मानधन मिळणे दूरच, काही ठिकाणी छपाईच्या खर्चाला हातभार लावावा लागतो किंवा ठरावीक प्रती स्वतः विकत घ्याव्या लागतात. त्या प्रती मग पलंगाखाली राहतात आणि लग्ना-मुंजीत भेट म्हणून जातात. अशा वेळी एखाद्याने चारचौघांत 'दुसऱ्या भागात काही दम नाही' असे म्हटले, तर उरलेले शंभर वाचकही जातात. म्हणून लोक गप्प राहतात, आणि मी त्याला ढोंग म्हणणार नाही. ती माणुसकी आहे.

गुरुजींनी सांगितलेला दिवाळी अंकाचा प्रकार खरा आहे, मात्र वाढवलेला प्रत्येक भाग व्यवहारापोटीच येतो असे नाही. लिहिताना लेखकाला खरोखरच वाटत असते की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात जे चालले आहे ते सर्वांत महत्त्वाचे आहे. मला अजूनही तसे वाटते.

मांडवीकाठ

लेखक महाशय, आपण आलात याचा आनंद झाला. आपला हिशेब मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. आपण ज्याला माणुसकी म्हणता तिने आपल्याला नेमके काय दिले? प्रकाशनाच्या दिवशी ज्यांनी 'आश्वासक' म्हटले, त्यांच्यापैकी किती जणांनी नंतर एखाद्या विशिष्ट पानाविषयी आपल्याशी चर्चा केली?

एक_लेखक

एकाने केली. मुखपृष्ठाविषयी.

ग्रंथालयातील_बाई

मी सरकारी ग्रंथालय सेवेत होते, त्यामुळे या प्रश्नाचे एक उत्तर मला पुस्तकांच्या बाजूने देता येईल. आपल्या गोव्याला सार्वजनिक वाचनाची परंपरा नवी नाही. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय, ज्याला आज आपण कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखतो, ते १८३२ साली सुरू झालेले आहे. पण वाचकाचे खरे मत कळायला अभिप्राय वहीचा काही उपयोग होत नाही. तिथे सगळे 'छान', 'उत्तम', 'पंखे वाढवावेत' असेच असते.

परत आलेली कादंबरी मिटून आडवी धरावी आणि पानांची कड पाहावी. वाचली गेलेली पाने हाताच्या घामाने किंचित मळलेली, थोडी फुगलेली असतात; न वाचलेली पांढरी आणि एकमेकांना चिकटून राहतात. आपल्या दमट हवेत हा फरक लवकर दिसतो. ठीकठाक कादंबरीची कड एका ठरावीक जागी रंग बदलते. दहा-बारा वाचकांनी एकमेकांना न विचारता एकाच प्रकरणात पुस्तक मिटलेले असते. अबोलीताईंसारखे वाचकही कडेवर ओळखू येतात: मधला भाग पांढरा आणि शेवटची वीस पाने पुन्हा मळलेली, म्हणजे लग्न झाले की नाही तेवढे पाहिलेले. चांगल्या कादंबरीची कड सरसकट मळलेली असते, आणि तद्दन वाईट पुस्तकाची पहिली दहा पाने तेवढी.

लेखक महाशयांना राग येणार नसेल तर सुचवते की आपल्या पुस्तकाची वाचनालयातील प्रत एकदा हातात घेऊन पाहा. तिथे व्यासपीठ नसते आणि कोणाचे मनही दुखवले जात नाही.

अबोली_म्हापसे

बाई, तुम्ही माझे सगळे बिंग फोडले! लग्न झाले की नाही ते मी पाहतेच, आणि पुढेही पाहणार.

सांगेकर

बाईंची कसोटी उत्तम आहे, मात्र ती 'कुठे' एवढेच सांगते, 'का' ते सांगत नाही. 'का' हे बोलणाऱ्या वाचकालाच सांगावे लागेल. लेखक महाशय, शंभर वाचक जातील ही आपली भीती मला समजते, पण माझ्यापुरते सांगतो: ऑगस्टमधल्या धुळीविषयी कोणी मला आधी सांगितले असते तरी खाणीवरची कादंबरी म्हणून मी ती आणलीच असती. मी गेलो तो पुढच्या वेळी. त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक दिसले तेव्हा मी हात लावला नाही. पहिल्या पुस्तकाला सगळ्यांनी 'छान' म्हटले होते, त्यामुळे दुसऱ्यात काही सुधारले असेल असे मानायला मला जागाच नव्हती.

एक_लेखक

मी कड पाहून आलो. पणजीतील नव्हे, आमच्या तालुक्याच्या वाचनालयातील प्रत आहे. नायिकेचे वडील वारतात त्या प्रकरणापर्यंत कड मळलेली आहे, नंतर पांढरी. ते प्रकरण मला कादंबरीचे हृदय वाटत होते आणि अजूनही वाटते. त्यानंतरच तर तिचे खरे आयुष्य सुरू होते. वाचकांना मात्र तिथे कथा संपल्यासारखी वाटत असावी. शेवटची वीस पानेही पांढरीच आहेत, म्हणजे अबोलीताई आमच्या तालुक्यात येत नाहीत.

अबोली_म्हापसे

पुस्तकाचे नाव व्यक्तिगत निरोपात कळवा, मी म्हापशाच्या वाचनालयात मागणी नोंदवते. पूर्ण वाचेन असे वचन देत नाही. जिथे थांबेन ते पान आणि त्याचे कारण मात्र कळवीन.

निवृत्त_गुरुजी

मलाही कळवावे. वडिलांच्या मृत्यूनंतर नायिका पहिले काम कोणते करते, एवढेच सांगा. ती खिडकीशी उभी राहून बाहेर पाहत असेल तर कड पांढरी का आहे ते मला न वाचताही कळेल.

एक_लेखक

गुरुजी, खिडकी आहे. पण सहाच पाने. त्यानंतर ती घर विकण्याचे ठरवते आणि एका प्रकरणात विकून मोकळी होते.

फोंड्याचा_वकील

एकटीच? तिला भाऊ आहेत का? आई हयात आहे का? भावांची लग्ने झालेली आहेत का?

एक_लेखक

आई आहे, दोन विवाहित भाऊ आहेत, त्यांपैकी एक दुबईत असतो.

फोंड्याचा_वकील

मग ते घर एका प्रकरणात विकले जाणे शक्यच नाही. निदान पाच सह्या तिच्या स्वतःच्या सहीखेरीज लागतील आणि त्यांपैकी दोन वहिनींच्या. दुसरी आवृत्ती निघणार असेल किंवा पुढची कादंबरी हातात असेल, तर शनिवारी दुपारी कचेरीत या; फी घेणार नाही. येताना हस्तलिखित आणा, आणि त्या दोन वहिन्यांचे एकमेकींशी पटते की नाही ते आधी ठरवून या, कारण मला पहिला प्रश्न तोच विचारायचा आहे.